‘वडिलांचा व्यवसाय’ : एका विद्यार्थी लघुपटाआधी झालेल्या प्रेक्षक-शोधाचे प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईतील एका महाविद्यालयात माध्यमशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या पाच विद्यार्थ्यांचे आहे. त्यांना वर्षअखेरीस बारा मिनिटांपर्यंतचा कथात्मक लघुपट करून द्यायचा होता आणि चित्रीकरण सुरू करण्याआधी ‘लक्ष्य प्रेक्षक’ या मथळ्याखाली एक संशोधन अहवाल सादर करायचा होता. मी या गटाची मार्गदर्शक होते. बहुतेक गट हा अहवाल पटकथा पक्की झाल्यावर, कधीकधी तर चित्रीकरण उरकल्यावर, गुणांपुरता लिहून देतात, हे मी अनेक वर्षे पाहत आले आहे. या गटाने तो आधी केला, त्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारी असे जवळपास अडीच महिने दिले, आणि त्या शोधामुळे पटकथेतले प्रसंग, ध्वनी, पडद्यावरची अक्षरे आणि अखेरीस लघुपटाचे नावही बदलले. काय बदलले आणि कशामुळे बदलले, ते येथे क्रमाने नोंदवते.

मूळ कल्पना दिग्दर्शन करणाऱ्या विद्यार्थिनीची होती. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात काम करणाऱ्या एका माथाडी कामगाराची मुलगी महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात ‘व्यापार’ असे लिहिते. अर्जावर वडिलांची सही लागते म्हणून तो कागद रात्री घरी येतो. वडील तो वाचतात, गच्चीवर जाऊन एकटेच रडतात, आणि मुलगी त्यांच्या पाया पडते. या पहिल्या आराखड्याला गटाने ‘ओझे’ असे नाव दिले होते. पाचांपैकी एकाचेही घर माथाडी कामगाराचे नव्हते. एका वर्गमैत्रिणीने आपल्या अर्जाबद्दल सहज सांगितलेल्या गोष्टीवरून, तिच्या संमतीने, हे कथानक उभे राहिले होते.

ज्यांना हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, ज्याच्या आधारे स्थापन झालेल्या मंडळांमार्फत मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि इतर लाभ मिळू लागले. लोक या मंडळाला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ मध्ये मुंबईतून येथे आला, इतर बाजार नंतर आले, आणि बाजार तुर्भ्यात असूनही लोकांच्या तोंडी ‘वाशी मार्केट’ हेच नाव राहिले. कामगारांपैकी पुष्कळ कुटुंबे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतली, विशेषतः पाटण आणि जावळी या तालुक्यांतली आहेत. ती कोपरखैरणे आणि घणसोली येथील माथाडी वसाहतींमध्ये वसली. म्हणजे ज्यांच्यावर हा लघुपट होणार होता ती माणसे महाविद्यालयापासून रिक्षाने वीस मिनिटांच्या अंतरावर राहत होती, आणि गटाच्या पहिल्या अहवालात त्यांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तो पहिला अहवाल एका पानाचा होता. लक्ष्य प्रेक्षक म्हणून त्यात लिहिले होते : वय १८ ते २५, स्त्री व पुरुष, शहरी, मध्यम व निम्न-मध्यम वर्ग, सामाजिक विषयांची आवड असणारे, मोबाइलवर व्हिडिओ पाहणारे. मी गटाला विचारले की या वर्णनात बसणाऱ्या आणि तुमच्या ओळखीच्या एका माणसाने हा लघुपट कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे बसून आणि कोणाबरोबर पाहिला असता ते सांगा. बराच वेळ कोणी बोलले नाही. या वर्णनात बसणारी माणसे नवी मुंबईत लाखांनी निघतील; २०११ च्या जनगणनेनुसारच महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ११ लाखांहून अधिक होती. त्या सगळ्यांसाठी म्हणून केलेला लघुपट नेमक्या कोणत्या माणसासाठी असेल, हे त्या पानावरून कळत नव्हते. यात विद्यार्थ्यांइतकाच दोष आमच्या विभागाच्या नमुना-पत्रकाचा होता, कारण वय, लिंग, वर्ग आणि आवड असे चार चौकोन आम्हीच त्यांना भरायला दिले होते.

‘वर्ग’ या चौकोनावर आम्ही एक संपूर्ण तासिका घालवली आणि ती वाया गेली नाही. जाहिरात आणि प्रसारण व्यवसायात भारतीय कुटुंबांचे वर्गीकरण पूर्वी मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि व्यवसाय पाहून करत असत. २०११ पासून रूढ झालेल्या नव्या पद्धतीत व्यवसाय वगळला गेला; तिच्यात मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, एवढे पाहतात. वीजजोडणी, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, धुलाई यंत्र, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन अशी ती यादी आहे. शेवटच्या शब्दावर मी विद्यार्थ्यांना थांबवले. सातवीपर्यंत शिकलेला, पाठीवरून गोण्या वाहणारा, पण घरात फ्रिज, धुलाई यंत्र व दुचाकी असलेला आणि पाटण तालुक्यात दोन एकर जमीन असलेला माथाडी जुन्या पद्धतीत तळाला गेला असता. नव्या पद्धतीत तो बराच वर सरकतो. गटाच्या मनातले ‘गरीब बिचारे कुटुंब’ आणि हे कुटुंब एक नव्हते. घरे पाहण्याआधीच हा तपशील हाती आला, हे पुढे फार उपयोगी पडले.

त्यानंतर गटाने एक ऑनलाइन प्रश्नावली तयार केली आणि महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप समूहांवर फिरवली. शंभराच्या आसपास उत्तरे आली. ‘माथाडी कामगारांच्या कष्टांकडे समाज दुर्लक्ष करतो असे तुम्हाला वाटते का?’ या प्रश्नाला जवळपास सर्वांनी ‘होय’ म्हटले. ‘तुम्हाला सामाजिक विषयांवरील लघुपट पाहायला आवडतील का?’ यालाही बहुतेकांचे ‘होय’ आले. विद्यार्थी आनंदले, कारण प्रेक्षक सापडला असे त्यांना वाटले. मला मात्र हे निष्कर्ष निरुपयोगी वाटले आणि तसे मी स्पष्ट सांगितले. पहिल्या प्रश्नातच त्याचे उत्तर भरलेले होते. ‘नाही, समाज दुर्लक्ष करत नाही’ असे लिहायला कोण धजावेल? दुसरा प्रश्न माणसाला त्याच्या चांगुलपणाबद्दल विचारतो, आणि आपण चांगले आहोत हे सांगण्याची संधी कोणी सोडत नाही. शिवाय उत्तर देणारे बहुतेक जण त्याच महाविद्यालयातले, म्हणजे विचारणाऱ्यांचे मित्र होते.

दुसऱ्या प्रश्नावलीत आवडीनिवडीचा एकही प्रश्न ठेवला नाही. प्रत्येक प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीविषयी होता. काल शेवटचा व्हिडिओ कोणता पाहिला, तो कोणी पाठवला होता, कुठे बसून पाहिला, शेजारी कोण होते, आवाज चालू होता की बंद, शेवटपर्यंत पाहिला की मध्येच सोडला आणि सोडला तर कशासाठी? यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही आणि चांगले दिसण्यासाठी खोटे सांगण्याचे कारणही उरत नाही. ‘तुम्हाला काय आवडते’ असे विचारल्यावर माणूस आपल्या मनातली स्वतःची प्रतिमा सांगतो. ‘काल काय पाहिले’ असे विचारले की तो मोबाइल उघडून दाखवतो.

ही प्रश्नावली घेऊन विद्यार्थी दोघा-दोघांच्या जोडीने घरी गेले. एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, ध्वनिमुद्रण विचारूनच करायचे, नाव, घर क्रमांक आणि दूरध्वनी क्रमांक वहीत लिहायचाच नाही, आणि अठरा वर्षांखालील मुलांशी आई किंवा वडील समोर असतील तरच बोलायचे, असे आम्ही ठरवले होते. एकूण चौदा घरे झाली. पहिली सहा घरे एकाच गावाच्या मुंबईकर मंडळाच्या कार्यकर्त्याने दाखवली, आणि सहाव्या घरी गेल्यावर लक्षात आले की ही सगळी कुटुंबे एकमेकांची सोयरी आहेत व एकमेकांशी बोलून झालेली आहेत. एकाने दुसऱ्याकडे पाठवत नेण्याची रीत सोपी असते, पण तिने माणूस एकाच वाड्यात फिरत राहतो. म्हणून पुढची घरे घणसोलीतील एका अभ्यासिकेत भेटलेल्या मुलांमार्फत शोधली.

आणखी एक अडचण कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडत नाही. बाहेरच्या खोलीत प्रश्न विचारला की उत्तर घरातला पुरुष देतो, सगळ्यांच्या वतीने देतो, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मान डोलावते. चौदापैकी बहुतेक घरांत हेच झाले. जानेवारीत संक्रांतीनंतर हळदीकुंकू सुरू झाले तेव्हा एका घरातल्या वहिनींनी गटातल्या दोन मुलींना आणि मला बोलावले. त्या संध्याकाळी पुरुष बाहेर होते. तिळगूळ आणि वाण घेऊन आम्ही आत बसलो आणि आठवडाभर न मिळालेली माहिती दीड तासात मिळाली.

त्या स्वयंपाकघरातले एक दृश्य आमच्या सगळ्या शोधाच्या केंद्रस्थानी आहे. ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवलेला होता. त्याच्या काचेवर पिठाच्या बोटांचे ठसे होते आणि एका कोपऱ्याला तडा होता. वहिनी म्हणाल्या की त्यांचे सगळे पाहणे येथेच होते, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान. पहाटे बाजारात गेलेले मालक दुपारी घरी येतात, जेवतात आणि बाहेरच्या खोलीत झोपतात. दुसऱ्या दिवशीच्या भाजीची तयारी, निवडणे-टिपणे तेव्हा चालते. आवाज अगदी लहान ठेवावा लागतो, कारण मध्ये फक्त पडदा आहे. कानात घालायचे यंत्र मुलाकडे असते आणि मुलगा महाविद्यालयात असतो. ‘बघते म्हणजे ऐकते, आणि ऐकते म्हणजे अर्धंच ऐकते,’ असे त्या म्हणाल्या. डोळे हातातल्या मेथीवर आणि आवाज पडद्यापलीकडच्या झोपेला न जुमानता वाढवता येत नाही, अशा अवस्थेतला हा प्रेक्षक होता. ‘वय १८ ते २५’ या चौकोनात तो कधीच आला नसता.

दुसरा मोठा शोध कथेच्या गाभ्याला लागला. गटाने गृहीत धरले होते की मुलगी ‘व्यापार’ लिहिते ती लाजेने. घणसोलीच्या अभ्यासिकेत एकोणीस वर्षांच्या एका मुलीने सांगितले, ‘लाज नाही वाटत, मॅडम. पण माथाडी लिहिलं की खिडकीतला माणूस विचारतो, म्हणजे काय? मग सांगत बसावं लागतं. रांगेत मागे वीस पोरं उभी असतात.’ एका मुलाने प्रत्येक अर्जावर ‘नोकरी’ लिहिले होते आणि त्याचे कारण बिनतोड होते : पगार बोर्डातून येतो, फंड कापला जातो, मग ती नोकरीच झाली. एका घरात आईने ‘शेती’ लिहायला सांगितले होते, कारण सातबाऱ्यावर नाव होते आणि ती गोष्ट कागदाने सिद्ध करता येत होती. ज्या मुलीच्या गोष्टीवरून कथा सुचली होती तिनेही पुन्हा विचारल्यावर जवळजवळ हेच सांगितले. लाज हा शब्द तिने वापरलाच नव्हता, तो गटाने स्वतःच्या मनातून घातला होता. मला वाटते, या प्रकरणातले सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे. ज्यांच्याविषयी आपण कणव बाळगून लिहितो त्यांच्याकडे ती कणव घेऊन गेलो नाही, तर तिच्यात आपली समजूत किती आणि त्यांचे आयुष्य किती, हे कळण्याचा मार्गच नसतो.

नावाचा प्रश्नही यांतल्याच एका मुलीने सोडवला. लघुपटाचे नाव ‘ओझे’ आहे असे दिग्दर्शिकेने सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग विचारले, ‘ओझं म्हणजे गोणी, का आमचे पप्पा?’ दिग्दर्शिकेने त्याच रात्री नाव खोडले आणि पहिल्या पानावर ‘वडिलांचा व्यवसाय’ असे लिहिले.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला गटाने पटकथा आठ जणांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून दाखवली. त्यांत तीन कामगार, दोन गृहिणी आणि तीन महाविद्यालयीन मुले होती. गच्चीवर रडण्याचा प्रसंग आला तेव्हा टोळीचे मुकादम असलेले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘रडायला काय झालं त्याला? हसला असता तो. व्यापार लिवलंय म्हंजी शेठ झाला की पोरीच्या कागदावर.’ खोलीतले सगळे हसले, आणि त्या हसण्यात अर्जाच्या रकान्याची ती सगळी अडचण होती. पुढच्या आराखड्यात वडील हसतात, ‘कुठल्या गाळ्याचा शेठ मी?’ असे विचारतात, आणि मग बापलेक दोघे मिळून त्या रकान्यात काय लिहायचे यावर जेवता-जेवता बोलतात. नोकरी, शेती, कामगार असे सगळे शब्द त्या संवादात येतात. हे शब्द चौदा घरांतून आले होते; एकही विद्यार्थ्यांनी रचलेला नव्हता.

येथे गटात मतभेद झाला आणि तो गंभीर होता. छायालेखन करणाऱ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे होते की लघुपट महोत्सवांना पाठवायचा आहे, तेथील निवड समितीला माथाडी हा शब्द माहीत नसेल, म्हणून सुरुवातीला कायदा, बाजार आणि मंडळ यांची माहिती देणारे निवेदन हवे. संकलक म्हणत होती की कोपरखैरण्यातल्या घरात हे निवेदन सुरू झाले की पहिल्याच मिनिटाला मोबाइल बाजूला ठेवला जाईल, कारण माणसाला त्याच्याच घराची माहिती कोणी द्यावी लागत नाही. दोघांचेही बरोबर होते. एकच लघुपट जाणकाराला आणि अनोळख्याला सारख्याच प्रमाणात समजावा असा हट्ट धरला की तो दोघांनाही अर्धवट मिळतो, असे माझे मत मी तेव्हा मांडले आणि आजही ते तसेच आहे. अखेर गटाने एक वाक्य लिहून भिंतीवर लावले : हा लघुपट प्रथम कोपरखैरणे व घणसोली येथील माथाडी कुटुंबांतील आई आणि तिच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी आहे, बाकी सर्व प्रेक्षक दुसरे. निवेदन वगळले गेले. ज्याला माथाडी म्हणजे काय हे माहीत नाही त्याच्यासाठी अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या कारकुनाचा ‘म्हणजे काय?’ हा एक प्रश्न पुरेसा ठरला, कारण बाहेरचा प्रेक्षक त्या कारकुनाच्या जागी बसतो आणि घरचा प्रेक्षक मुलीच्या जागी. परीक्षक हासुद्धा एक प्रेक्षक असतो हे विद्यार्थ्यांच्या मनात होते आणि त्यात वावगे काही नाही. त्यांच्यासाठी या निर्णयाची कारणे अहवालात सविस्तर लिहिली गेली.

ओट्यावरच्या त्या मोबाइलने ध्वनी आणि दृश्यरचनेचे नियम ठरवले. मूळ पटकथेत पहिले दृश्य काळोखाचे होते आणि मागे पहाटे येणाऱ्या ट्रकांची खोल घरघर होती. ध्वनीचे काम पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ती घरघर त्याच मापाच्या साध्या मोबाइलवर लहान आवाजात वाजवून पाहिली तेव्हा काहीच ऐकू आले नाही. मोबाइलचा इवलासा ध्वनिक्षेपक खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ गिळून टाकतो. म्हणजे स्टुडिओतल्या मोठ्या ध्वनिक्षेपकांवर गंभीर वाटणारी सुरुवात वहिनींना नुसता काळा, मुका पडदा वाटली असती आणि त्यांनी मोबाइल बंद पडला असे समजून तो हलवला असता. त्याऐवजी गाळ्याचे शटर वर जाण्याचा कर्कश खडखडाट घेतला, जो पडद्याआडूनही ऐकू येतो. संवाद अगदी जवळून ध्वनिमुद्रित केले गेले आणि त्यांच्याखाली पार्श्वसंगीत ठेवले नाही. ज्या माहितीवर कथा अवलंबून आहे ती नुसत्या चित्रात किंवा नुसत्या आवाजात न ठेवता दोन्हींत द्यायची असे ठरले; मुलगी अर्जावर लिहिताना तोच शब्द पुटपुटते. आणि मराठी संवादांना मराठीतच, देवनागरीत, खाली अक्षरे दिली. ‘मराठी माणसाला मराठी अक्षरे कशाला?’ असा प्रश्न विभागातल्या एका सहकाऱ्याने विचारला होता. त्याचे उत्तर पडद्यापलीकडे झोपलेल्या माणसाकडे होते.

चित्रीकरण फेब्रुवारीच्या मध्यात झाले. त्यानंतरचे कच्चे संकलन पुन्हा सहा जणांना मोबाइलवर दाखवले गेले. या वेळी कोणालाही मत विचारायचे नाही असे मी गटाला बजावले होते. एका विद्यार्थ्याने चित्रपटाकडे न पाहता पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहायचे, आणि नजर हटली, हसू आले किंवा कोणी शेजारच्याशी बोलले की त्या क्षणाची वेळ लिहून एक रेघ मारायची. चौथ्या मिनिटाच्या आसपास, जेथे गटाला संपूर्ण शांतता अपेक्षित होती, तेथे त्या सहांतले तीनही कामगार हसले. वडिलांची भूमिका करणारा नट थप्पीवरून गोणी ओढताना हूक तिच्या मधोमध घालत होता. एका अण्णांनी मोबाइल हातात घेऊन ते दृश्य मागे नेले आणि नटालाच दाखवले, ‘हितं मधी घातला तर कांदा फुटतो आन् मालवाला शिव्या घालतो. कानाला धरायचं, हितं.’ गोणीच्या शिवलेल्या कोपऱ्याला ते कान म्हणत होते. त्यांनी उठून घरातली पिशवी घेऊन हाताची पकड, मनगट वळवण्याची रीत आणि गोणी मानेवर येण्याआधी गुडघा किती वाकतो ते दाखवले. गोणीचे वजन किती दाखवले आहे असेही त्यांनी विचारले, कारण ५० किलोंपेक्षा जड गोणी उचलायची नाही ही माथाडींची जुनी मागणी आहे आणि त्यावरून बाजारातले काम बंदही झालेले आहे. नट हलकी गोणी जड असल्याचे जे भासवत होता ते त्यांना एका नजरेत कळले होते. तो संपूर्ण प्रसंग अण्णांना शेजारी उभे करून पुन्हा चित्रित केला गेला. बाहेरच्या कोणत्याही प्रेक्षकाला हा दोष दिसला नसता. ज्याला प्रथम प्रेक्षक म्हटले होते त्याचा विश्वास मात्र त्या एका हुकावर तुटला असता.

या शोधाच्या मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. मूळ कोपरखैरणे गावातली आगरी कुटुंबे, बाजारातले गाळेधारक आणि बाजारात काम करणारे अमराठी मजूर यांच्याशी गट बोललाच नाही, आणि लघुपटात कारकून व व्यापारी यांची पात्रे त्यामुळे सपाट राहिली आहेत. स्वतः कामगार पुरुष प्रेक्षक म्हणून कसे आणि केव्हा पाहतात हेही नीट हाती लागले नाही. ते थकून येत आणि आमच्या प्रश्नांना सभ्यपणे, थोडक्यात उत्तरे देत. दोनदा तरी उत्तर देता-देता त्यांचा डोळा लागला. त्यांच्यासाठी वेगळी वेळ, कदाचित रविवार, ठेवायला हवी होती आणि ते मी सुचवायला हवे होते.

मार्चमध्ये परीक्षकांना दाखवण्याच्या चार दिवस आधी लघुपट कोपरखैरण्यातील गावच्या मंडळाच्या सभागृहात, सत्यनारायणाच्या पूजेनंतर, भिंतीवरच्या पांढऱ्या चादरीवर दाखवला गेला. प्रसाद वाटला जात होता, मुले पळत होती, दार सतत उघडत होते. शटरचा खडखडाट झाला तेव्हा मागच्या रांगेतले बोलणे थांबले. शेवटच्या दृश्यात वडील स्वतः पेन घेतात, अक्षर जुळवत ‘माथाडी’ लिहितात आणि काना देताना पेन कागदाबाहेर जाते. तेथे एक बाई शेजारणीला म्हणाल्या, ‘आमच्या ह्यांचं असंच आहे अक्षर.’

कार्यक्रम संपल्यावर पाच-सहा जणांनी एकच मागणी केली : व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवा, गावाला पाठवायचा आहे. गटाने हा प्रेक्षक धरलाच नव्हता. पाटण आणि जावळीत राहिलेले आजी-आजोबा, धाकटे भाऊ, लग्न होऊन गेलेल्या मुली, ज्यांच्याकडे हा लघुपट आता एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाणार होता, ते कोठेही लिहिलेले नव्हते. दोन दिवसांनी एका वहिनींचा निरोप आला की गावी चित्र दिसते, पण खालची अक्षरे पुसट झाली आहेत आणि सासूबाईंना वाचता येत नाहीत. पाठवताना चित्रफीत दाबून लहान केली जाते आणि बारीक अक्षरांच्या कडा फुटतात, हे संकलकाच्या लगेच लक्षात आले. परीक्षेच्या आदल्या रात्री तिने दुसरी प्रत तयार केली, जिच्यात अक्षरे जवळजवळ दुप्पट मोठी होती, त्यांच्यामागे काळी पट्टी होती आणि एका वेळी एकच ओळ येत होती, आणि ती प्रत आधी वहिनींना पाठवून मग ती झोपली.